रिसेलचं घर घेतलं, चाब्या कोणाकोणाकडे आहेत माहीत नाही. कुलपं सगळी बदलावी का?

बेसा_रोड
नमस्कार मंडळी. नागपुरात बेसा रोडला रिसेलमधलं रो-हाऊस घेतलं. रजिस्ट्री झाली, ताबा मिळाला, रंगकाम आटोपलं की दिवाळीआधी राहायला जायचं आहे. मालकांनी दोन चाब्यांचा जुडगा हातात ठेवला आणि "एवढ्याच आहेत" म्हणाले. माणूस सज्जन, व्यवहारात काडीचा त्रास दिला नाही. पण ते स्वतः बरीच वर्षं पुण्याला असतात, मधल्या काळात घर भाड्याने होतं. घर दाखवायला ब्रोकर स्वतःजवळच्या चाबीने दार उघडायचा. समोरच्या काकूही बोलता बोलता म्हणाल्या की एक चाबी त्यांच्याकडे असायची.

माझी नोकरी फिरतीची. दुपारी घरात आई आणि शाळेतून आलेली मुलगी, दोघीच. सासरे म्हणतात, सगळी ओळखीची माणसं आहेत, आल्या आल्या कुलपं बदलली तर वाईट दिसेल. मला ते पटत नाही.

पुढे सागवानी दाराला मॉर्टाइज लॉक (दाराच्या जाडीत खोदून बसवलेलं) आहे, त्याच्या बाहेर ग्रिलचं दार. मागे मोरीकडे एक दार, वर गच्चीचं. सगळं बदलावं लागेल का? सामान कुठून घेऊ?

इतवारीकर
भाऊ, बदला. वाईट काही दिसत नाही. आमचं हार्डवेअरचंच काम आहे, नवीन घर घेतलेले लोक पहिलं हेच विचारतात.

फक्त अख्खं लॉक काढू नका. सिलिंडरचं मॉर्टाइज लॉक असेल तर चाबी जिथे जाते तो सिलिंडर वेगळा निघतो आणि तेवढाच बदलता येतो. हँडल, पट्टी, दाराचं खोदकाम सगळं तसंच राहतं, खर्चही बराच वाचतो. दार उघडून त्याच्या जाडीच्या बाजूला पाहा. लॉकच्या पट्टीवर, सिलिंडरच्या रेषेत एक स्क्रू दिसेल. तो काढा, चाबी घालून किंचित फिरवा, आतली जीभ सरळ रेषेत आली की सिलिंडर हाताने बाहेर येतो. मग त्या स्क्रूच्या भोकाच्या मध्यापासून दोन्ही टोकांपर्यंत मोजा. ३० आणि ३० म्हणजे ६० मिमीचा, ३५ आणि ३५ म्हणजे ७० चा. दोन्ही बाजू सारख्या नसतील तर तसं सांगा. सगळ्यात सोपं म्हणजे जुना सिलिंडरच घेऊन इतवारीत लोहाओळीतल्या हार्डवेअरच्या दुकानांत या, जोडून पाहून न्या. तोवर दाराला दुसरं कुलूप असू द्या.

नवीन सिलिंडर हँडलच्या प्लेटबाहेर दोन-तीन मिमीपेक्षा जास्त यायला नको. जास्त बाहेर आला तर पकडीत धरून मोडता येतो. साध्या दातेरी चाबीची नक्कल बर्डीत फुटपाथवर उभ्या उभ्या होते, त्यामुळे खड्ड्यांची चाबी असलेला आणि सोबत कोड-कार्ड (ज्यावरून जादा चाबी बनवून मिळते) येणारा घ्या. पाकीट सीलबंद आहे ना पाहा आणि ते कार्ड चाब्यांच्या जुडग्यात ठेवू नका.

ग्रिलचं दार आणि गच्ची, दोन्हीकडे लटकतं कुलूप असेल तर नवीन आणून टाका, त्यात विचार करण्यासारखं काही नाही. एकाच चाबीने उघडणारी दोन-तीन कुलपं सेटमध्ये मिळतात. आईंना जुडगा सांभाळत बसावं लागणार नाही.

वैदर्भी
दादा, इतवारीकर म्हणतात ते बरोबर आहे, पण सिलिंडर आत्ता आणून ठेवा आणि राहायला जायच्या दिवशी बसवा. आता पेंटर येतील, मग सुतार, मग मॉड्युलर किचनवाले. प्रत्येकाच्या हाती चाबी जाणार. त्यांना जुनीच द्या. घरात सामान येऊन पडलं असेल तर ग्रिलच्या दाराला तुमचं नवीन कुलूप लावा आणि त्याची चाबी कोणालाच देऊ नका, रोज स्वतः उघडा-बंद करा नाहीतर घरच्या कोणाला तरी पाठवा.

दुसरं, बाहेरचं कुलूप तुम्ही घरी नसताना कामाचं. आई आणि मुलगी आत असताना आतली कडीच कामाची. चाबी कोणाकडेही असो, आतून अल्ड्रॉप (आडवी सरकणारी जाड कडी) किंवा जाड टॉवर बोल्ट लागला असेल तर दार उघडत नाही. मागच्या दाराला बहुतेक घरांत एक पातळ कडी असते, तीही स्क्रू सैल झालेली. तिथे वर आणि खाली दोन बोल्ट लावून घ्या. आईंचा हात पोहोचेल अशा उंचीवर लावा, नाहीतर त्या खालचाच लावतील. आणि पावसाळ्यात दार फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं. बोल्ट चौकटीत पूर्ण जातो का, हे दोन्ही ऋतूंत पाहावं लागतं.

समोरच्या काकूंकडून चाबी मागायला जाऊ नका. कुलूप बदललं की जुनी चाबी निकामी. उगाच त्यांना वाटायचं की आपल्यावर संशय घेऊन राहिले. उलट वर्षभर ओळख झाल्यावर नवीन चाबी ठेवायला त्याच सगळ्यात योग्य असतील.

ऑरेंज_सिटी
डिजिटल लॉक लावून टाका ना. चाबीची भानगडच नाही. आईंना बोट, मुलीला पिन, कामवाल्या मावशींना ठराविक वेळेचा वेगळा पिन. मावशींनी काम सोडलं की तो पिन काढून टाकायचा.

इतवारीकर
चांगलं आहे, पण आईंना झेपेल का ते आधी पाहा. त्यालाही आणीबाणीची चाबी असतेच, म्हणजे ती सांभाळणं आलंच. बॅटरी संपत आली की ते आवाज करून सांगतं, तिकडे दुर्लक्ष करायचं नाही. आणि उन्हाची भिंत असेल, पश्चिमेचं दार असेल तर मी तरी नाही म्हणेन. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, त्या उन्हात तापलेल्या दारावर इलेक्ट्रॉनिक्स नको.

बेसा_रोड
दार पश्चिमेचंच आहे. सिलिंडरच बदलतो मग. ताई, काकूंबद्दलचं पटलं.

एक राहिलं. मालकांनी गेटवर आणि अंगणात कॅमेरे ठेवून दिलेत, डीव्हीआरसकट (रेकॉर्डिंगचं मशीन). म्हणाले, तुम्हालाच उपयोगी पडतील.

ऑरेंज_सिटी
हे तर कुलपाआधी करा! ते कॅमेरे अजून त्यांच्या मोबाईलवर दिसत असणार. त्यांच्या मनातही नसेल, पण तुमची आई अंगणात कधी येते, गाडी कधी बाहेर जाते, सगळं पुण्यात दिसू शकतं. डीव्हीआर फॅक्टरी रीसेट करा आणि नवीन पासवर्ड टाका. तेवढ्याने भागेलच असं नाही. बऱ्याच कंपन्यांचं मशीन पहिल्या मालकाच्या खात्याला बांधलेलं राहतं, रीसेटनंतरही. म्हणून त्यांना फोन करून त्यांच्या ॲपमधून ते काढायला सांगा. सरळ सांगितलं तर कोणी नाही म्हणत नाही. नंतर तुमच्या खात्यात जोडा. वायफायचा राउटर त्यांचा असेल तर तोही रीसेट. गेटला मोटर असेल तर जुने सगळे रिमोट मेमरीतून पुसून फक्त तुमचे नव्याने जोडायचे, मेकॅनिकला तसंच सांगा.

सदर_बाजार
कागदाची बाजू सांगतो. ताबापत्रात "दोन चाब्या मिळाल्या" असं लिहिलं नसेल तर मालकांकडून व्हॉट्सॲपवर एका ओळीत घ्या की सगळ्या चाब्या दिल्या, आमच्या वतीने कोणाकडे उरलेल्या नाहीत. उद्या जुना भाडेकरू "माझं सामान राहिलं" म्हणून आत शिरला तर ते कामी येतं. त्रास देण्याच्या किंवा गुन्ह्याच्या इराद्याने परवानगीशिवाय घरात शिरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ खाली गुन्हा आहे, त्याच्याकडे चाबी होती म्हणून तो सुटत नाही. आईंना ११२ नंबर पाठ करवून ठेवा.

आणि चोरीचा विमा काढणार असाल तर सासऱ्यांना हे दाखवा. बऱ्याच पॉलिसींमध्ये जबरदस्तीने, तोडफोड करून आत शिरल्याच्या खुणा लागतात. चोर चाबीने आला, कुलूप शाबूत, तर दावा अडकतो. पॉलिसी घेण्याआधी ती ओळ वाचा.

वैदर्भी
दादा, हॉलच्या खिडकीत कूलर बसतो का?

बेसा_रोड
हो, मागच्या बाजूला स्टँड आहे. सध्या कूलर नाही. खिडकीचं ग्रिल तेवढ्या चौकोनात कापलेलं आहे आणि त्यावर प्लायवूड ठोकलंय.

वैदर्भी
मग चारही दारं पक्की करून काय उपयोग? त्या चौकोनातून माणूस आरामात आत येतो, आणि तो चौकोन प्रत्येक जुन्या भाडेकरूला माहीत आहे. उन्हाळ्यातही कूलर बाहेरून ढकलला की सरकतो. फॅब्रिकेटरला बोलावून तिथे आडवे गज वेल्ड करून घ्या, चार-साडेचार इंचांच्या अंतरावर. कूलरचं तोंड गजांना भिडवून ठेवलं तरी हवा येते, पाणी बाहेरूनच भरायचं असतं. चौकोन उघडाच हवा असेल तर बिजागरीवर आत उघडणारी ग्रिलची झडप करा, कडी-कोयंडा आतल्या बाजूला. रंगकामाच्या आधी करून घ्या, वेल्डिंगच्या ठिणग्यांनी नवीन रंग जळतो.