मदत हवी आहे: कलाप्रकार कुठला लिहू?

आमचे काका, वय ६२, कुडाळजवळ राहतात. सरकारच्या ज्येष्ठ कलावंत मानधनाचा (म्हाताऱ्या कलाकारांना दरमहा मिळतं ते) फॉर्म भरतोय आणि 'कलाप्रकार' या एका रकान्यात अडकलोय, कारण काका दशावतारात पायपेटी वाजवतात, डबलबारीला (दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याला) पखवाज, शिमग्याला ढोल, शिवाय गावच्या नाटकाचे पडदेपण रंगवायचे (ते मात्र फुकटच!). पुरावे म्हणजे जुनी हँडबिलं आणि दोन सर्टिफिकिटं, त्यातलं एक वाळवीने अर्धं खाल्लेलं. दशावतार मंडळ पत्र द्यायला तयार आहे पण त्यांची नोंदणी नाही. आधार, उत्पन्नाचा दाखला काढून झालाय. ऑफिसात विचारलं तर दोघांनी दोन उत्तरं दिली. ज्यांच्या घरी मानधन चालू झालंय त्यांनीच सांगा, एकच कला लिहून बाकीचे पुरावे नुसते जोडायचे की सगळ्या लिहायच्या, आणि बिननोंदणी मंडळाचं पत्र चालतं का?