वरण पातळ करण्यापेक्षा येसर करा
डाळ महागली की वरणात पाणी वाढवावं आणि सोबत ज्वारीची भाकरी खावी, असं काही जण सुचवतात. त्यातला पाणी वाढवायचा उपाय मला पटत नाही. पातळ वरणावर मुलं तासाभरात पुन्हा खायला मागतात. ज्वारीच्या भाकरीबद्दल मात्र पूर्ण सहमत.

आपल्या मराठवाड्यातल्या येसराचं, म्हणजे आमटीसाठीच्या भाजक्या पिठाचं, नाव मात्र कुणी काढत नाही. आमच्याकडे परभणीकडे गहू, बाजरी, हरभऱ्याची नि उडदाची डाळ, धणे, जिरे, सुकी मिरची वेगवेगळं खमंग भाजून एकत्र दळून आणतात. डब्यात महिनोन्‌महिने टिकतं. लसणाची फोडणी देऊन पाणी उकळायचं आणि येसर आधी गार पाण्यात कालवून मगच त्यात सोडायचं, नाहीतर गुठळ्या होतात. चार माणसांच्या आमटीला तीन-चार मोठे चमचे पुरतात. डाळ शिजवायचा गॅसही वाचतो. धान्याच्या पिठामुळे आमटी दाट होते, भाकरी कुस्करून खाल्ली की पोट भरतं.

भाकरीच्या ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल (प्रथिनांचा एक घटक) कमी असतं, डाळींत भरपूर. म्हणून येसरात डाळीचं प्रमाण धान्याइतकं तरी ठेवा. बाजारातलं तयार येसर घेतलंत तर पाकिटावर डाळी किती आहेत तेवढं बघून घ्या.