आठवडा आईकडे, आठवडा बाबांकडे: ही वाटणी मुलासाठी की आईबापांसाठी?

भाच्याची_मावशी
ताईचा घटस्फोट गेल्या वर्षी झाला, 13 ब खाली, म्हणजे संमतीने. आरडाओरडा नाही, आरोप नाहीत. समुपदेशक बाईंसमोर बसून दोघांनी अटी लिहिल्या: मुलगा एक आठवडा आईकडे, एक बाबांकडे, अदलाबदल रविवारी संध्याकाळी सहाला. सगळ्यांनी कौतुक केलं, मीही केलं.

आता जे बघते ते सांगते. भाचा तिसरीत आहे. रविवारी चारपासून गप्प होतो. पाचला दप्तर भरतो, पुन्हा उपसतो. मागच्या महिन्यात परिसर अभ्यासाची वही बाबांकडे राहिली म्हणून इतका रडला की ताईने रात्री साडेनऊला वारज्याला स्कूटर काढली. बसवाले काका विचारतात, "आज कुठलं गेट रे?" हे तो हसत सांगतो खरा, पण कॅलेंडरवर स्वतःच पेनाने 'आ' आणि 'बा' लिहून ठेवलंय.

भावांनी जमीन वाटताना मध्ये बांध घालावा, तसा त्याच्या महिन्यात बांध घातलाय. माझं मत स्पष्ट आहे: एक घर पक्कं हवं, दुसऱ्या घरी मनसोक्त जाणंयेणं.

शनिवारचा_बाबा
मावशी, तुमच्या भाच्याची वही राहते. माझी मुलगीच राहते.

पहिला आणि तिसरा शनिवार, दोन तास, तेही कोर्टाच्या आवारातल्या खेळण्यांच्या खोलीत. एक चाक निखळलेली सायकल, भिंतीवर रंगवलेला ससा, आणि माझ्यासारखे चार-पाच बाप डबे उघडून बसलेले. पहिली वीस मिनिटं मुलीची लाजण्यात जातात, शेवटची वीस माझी घड्याळ बघण्यात. तिला ताप आला की शनिवार बुडतो. बुडाला की बुडाला.

'मनसोक्त जाणंयेणं' म्हणता, पण दार उघडायचं की नाही हे पक्कं घर ज्याच्याकडे तोच ठरवतो. माझ्याही अटींत आधी 'सोयीनुसार भेट' असं होतं. कोणाच्या सोयीनुसार, ते लिहायचं राहिलं.

सडेतोड_आजी
अर्धा ताबा मागणाऱ्या किती बापांना मुलाच्या डॉक्टरचं नाव माहीत असतं? आमच्या सोसायटीत एकाने अर्धे दिवस मागून घेतले, त्यावर पोटगी कमी करून घेतली, आणि ते अर्धे दिवस मूल सांभाळलं त्याच्या आईने. म्हणजे काम बाईकडचं बाईकडेच, फक्त आईकडून आजीकडे.

शनिवारचा_बाबा
डॉक्टरचं नाव माहीत आहे. लसीकरणाचं कार्डही माझ्याच अक्षरात आहे. पुढे बोला.

काळा_कोट
मी वकील आहे, कधी आईकडून उभी राहते, कधी बापाकडून. म्हणून सगळ्यांचंच थोडं थोडं खोडते.

'संयुक्त ताबा' नावाचं कलम आपल्या कायद्यात नाहीच. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालक म्हणून आधी बाप, त्याच्यानंतर आई (1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे 'नंतर' बरंच सैल केलं, पण शब्द तिथेच आहेत), आणि पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सहसा आईकडे. विधी आयोगाने मे 2015 च्या 257 व्या अहवालात संयुक्त ताब्याचा पर्याय कायद्यात आणा म्हणून सांगितलं. आणला नाही. म्हणून सगळी मदार संमतीच्या अटींवर.

आणि अटी लिहिताना लोक दिवस तेवढे मोजतात. ताप आला तर रजा कोण टाकणार? पासपोर्टच्या अर्जाला संमती कोण कधी देणार? दिवाळी अर्धी अर्धी करतात, पण गणपतीत पोर कोकणात कोणाबरोबर जाणार ते विसरतात. मग भाद्रपद आला की अर्ज घेऊन माझ्याकडे.

मावशी, एकदा लिहिलं म्हणजे जन्माचं बांधलं असं नाही. हिंदू विवाह कायद्याच्या 26 व्या कलमाखाली हुकूमनाम्यानंतरही ताब्याच्या अटी बदलून मागता येतात. आणि आजी, पोटगी मुलाच्या गरजेवर आणि दोघांच्या कमाईवर ठरते, नुसत्या रात्री मोजून नाही. सोसायटीतल्या त्या बाईंच्या वकिलाने काय केलं, हा वेगळा विषय.

दादर_डोंबिवली
मी यातलं मूल आहे. आता 27 वर्षांची. सोमवार ते शुक्रवार डोंबिवलीला आई, शनिवार-रविवार दादरला बाबा. लोकलचा त्रास झाला नाही, बॅगेचाही नाही. टपालाचा झाला. "बाबांना सांग, फी भरायचीय." "आईला सांग, भरलीय, पावती बघ म्हणावं." मी दोन्हीकडचे निरोप मऊ करून पोचवायचे.

नववीत क्लास लागला तेव्हा मीच म्हटलं, आता महिन्यातून एकदाच येईन. बाबांना ते लागलं, अजून बोलून दाखवतात. तेव्हा मावशी, पक्कं घर मला मिळालं होतं. दादरचं कपाट मात्र रिकामं होत गेलं, आणि ते बाबांनी बघितलं.

भाच्याची_मावशी
आजी, सरसकट नको. भावोजी (सवयीने अजून तेच तोंडात येतं) डबा स्वतः करतात, पोळ्या सोडून.

काल ताईशी बोलले. आठवडा मोडायला ती तयार नाही, तेही नाहीत. एवढं ठरलं: अदलाबदल रविवारी दारात नको, शुक्रवारी शाळेतून. सकाळी एकाने सोडायचं, दुपारी दुसऱ्याने घ्यायचं. आणि पुस्तकांचा दुसरा संच, वारज्यासाठी. माझं मत बदललेलं नाही, पण माझ्या मताला तिथे विचारतं कोण.

शनिवारचा_बाबा
मला तर रविवारची रडारडसुद्धा चालेल.

काळा_कोट, बुडालेल्या भेटीचं अर्जात कसं लिहायचं? पुढची तारीख 14 ला आहे.

काळा_कोट
'भेट बुडाल्यास लगेच पुढच्या शनिवारी, त्याच वेळेत.' आणि घरी न्यायची परवानगी त्याच अर्जात वेगळी मागा, आधी एका दुपारपुरती. 'सोयीनुसार' हा शब्द कुठेही येऊ देऊ नका.