डेकलभोवती चंदेरी चौकोन दिसतोय, आता काय करू?

रूळवेडी:
नमस्कार मंडळी. माझ्याकडे एचओ स्केलचं (१:८७) ईएमडी जीपी९ या डिझेल रेल्वे इंजिनाचं मॉडेल आहे. बॉडी मीच एअरब्रशने मॅट काळी रंगवली. परवा रात्री कॅबच्या (चालकाच्या केबिनच्या) खिडकीखाली नंबरांचे डेकल (पाण्यात भिजवून कागदावरून सरकवून लावायची पातळ छापील फिल्म) लावले. ओले होते तोवर आकडे रंगवल्यासारखे दिसत होते. सकाळी पाहते तर प्रत्येक आकड्याभोवती फिल्मचा चंदेरी चौकोन! दिव्याखाली इंजिन तिरकं धरलं की फक्त तो चौकोनच दिसतो. दुसरी अडचण हुडच्या (यंत्रावरच्या लांब आवरणाच्या) दारांची. पिवळा डेकलचा पट्टा लूव्हर्सवरून (हवेसाठीच्या खाचांवरून) जातो, तिथे तो तंबूसारखा ताणून बसलाय, खाचांत उतरायचं नावच नाही. मी फक्त पाणी वापरलं होतं. सगळं खरवडून पुन्हा रंगवावं लागेल का? डेकलची शीट एकच आहे हो, आणि नंबरांचा एकच संच उरलाय.

सांधेवाला:
खरवडू नका. डेकलमध्ये काही खोट नाही, अडचण खालच्या रंगात आहे. मॅट रंग भिंगाखाली पाहा, सगळा उंचसखल दिसेल. फिल्म त्या उंचवट्यांवर टेकते आणि मधल्या खळग्यांत हवा कोंडते. परवा रात्री खळग्यांत पाणी होतं म्हणून काही दिसलं नाही. पाणी उडालं, हवा राहिली, आणि आता उजेड तिच्यावरून परत फिरतोय.

लावलेले नंबर बहुतेक वाचतील. सगळ्यांत बारीक सुईने चंदेरी भागाला टोचे द्या. आकड्याच्या रंगात नाही, भोवतीच्या पारदर्शक फिल्ममध्ये. मग त्यावर मायक्रो सोल (डेकल मऊ करणारं द्रावण, लाल लेबलची बाटली) ब्रशच्या टोकाने थेंबभर सोडा. टोच्यांतून ते आत शिरतं आणि मऊ झालेली फिल्म खाली बसते. एका हातात भागत नाही, मला साधारण तीन लागतात.

आता हे नीट वाचा. सोल लागलं की थोड्याच वेळात डेकलला सुरकुत्या पडतात. माझ्या पहिल्या इंजिनावर त्या पाहून माझ्या पोटात गोळा आला. बोटाने सपाट करायला गेलो आणि ७ चा अख्खा पाय बोटाला चिकटून आला. त्या वेळी फिल्म भाजल्याच्या फोडावरच्या कातडीइतकी नाजूक असते. बोट नाही, ब्रश नाही, टिशूसुद्धा नाही. इंजिनावर डबा पालथा घाला आणि झोपायला जा. सकाळपर्यंत सुरकुत्या आपोआप बसतात.

लूव्हर्सवर मी अखंड पट्टा लावतच नाही. दारांच्या फटींवर कापून तुकडे करतो. तुमचा लागलेलाच आहे, तर नव्या कोऱ्या ब्लेडने प्रत्येक लूव्हरच्या कडेला हलकी चीर द्या, मग सोल. ब्लेड जुनं असेल तर फिल्म कापली जात नाही, ओढली जाते आणि फाटते. चिरेत काळं डोकावलं तर त्याच पिवळ्या रंगाचा ठिपका द्या.

पुढच्या वेळी क्रम असा ठेवा: रंग, त्यावर ग्लॉस (चकचकीत पारदर्शक थर), मग डेकल, शेवटी मॅट (बिनचमकीचा पारदर्शक थर). ग्लॉससाठी मी टामियाचं एक्स-२२ पातळ करून दोन हात मारतो आणि दोन दिवस बॉडीला हात लावत नाही. डेकल ठेवायच्या जागी आधी मायक्रो सेट (डेकल बसवायचं द्रावण, निळं लेबल, व्हिनेगरसारखा वास येतो) लावलं की सरकवायलाही वेळ मिळतो.

इंजिनघर:
सांधेवाला यांच्याशी सहमत. एक भर: सोल थेट कॅबवर नको. बॉडीबरोबर एखादा टाकाऊ तुकडा रंगवला असेल तर आधी त्यावर बघा. सॉल्व्हासेटसारखं जास्त कडक द्रावण तर चाचणीशिवाय अजिबात नको, काही रंग त्याने मऊ पडतात.

आणि कमी पडले तर घरच्या इंकजेटवर छापू, असं मनात असेल तर थांबा. साधा प्रिंटर पांढरी शाई छापत नाही. पारदर्शक शीटवर छापलेला पिवळा काळ्या बॉडीवर जवळजवळ गायब होतो.

निळासिग्नल:
मॅट मारण्याआधी डेकलभोवतीचा गोंद ओल्या ब्रशने टिपून घ्या. आज दिसत नाही, पण मॅटखाली त्याचे डाग राहतात. डेकल पाण्यात तरंगत ठेवायची सवय असेल तर तीही सोडा. दहा-पंधरा सेकंद बुडवायचं, बाहेर काढून ओल्या टिशूवर ठेवायचं, फिल्म कागदावरून सरकायला लागली की लावायचं. जास्त भिजलं तर गोंद पाण्यातच राहतो.

रूळवेडी:
सगळ्यांचे मनापासून आभार. आधी टाकाऊ तुकड्यावर पाहिलं, रंगाला काही झालं नाही. मग डाव्या बाजूला टोचे देऊन सोल लावलं. सुरकुत्या पडल्या तेव्हा हात अक्षरशः पाठीमागे धरून उभी होते. आज सकाळी तिथले चौकोन गेलेत, तिरकं धरूनही दिसत नाहीत. दारांवर चिरा दिल्यावर पट्टा खाचांत उतरला, दोनच जागी काळं दिसतंय. उजव्या बाजूच्या ६ च्या पोटात एक चंदेरी ठिपका अजून आहे. त्याला आज रात्री तिसरा हात देते आणि डबा पालथा घालते.