डीबीटूची रिकव्हरी पाच तासांवरून एका तासावर कशी आणायची?

शाहूपुरी_डीबीए
झेड-ओएसवर (आयबीएम मेनफ्रेमची ऑपरेटिंग सिस्टीम) डीबीटू १२ हा डेटाबेस आहे. रविवारी पूर्ण इमेज कॉपी (डेटाची बॅकअप प्रत), बाकी दिवशी इन्क्रिमेंटल (फक्त बदललेल्या भागाची), सगळं टेपवर. आर्काइव्ह लॉगही (डेटातल्या बदलांच्या जुन्या नोंदी) टेपवरच. रंगीत तालमीत ४० टेबलस्पेस (टेबलांचा डेटा ठेवायच्या जागा) करंटपर्यंत, म्हणजे शेवटच्या बदलापर्यंत, रिकव्हर करायला पाच तास लागले. पॅरलल (एका वेळी किती टेबलस्पेस) ४ चं ८ केलं, फरक शून्य. काय बदलू?

रंकाळा_३९०
भावा, आधी जॉबचं आउटपुट उघड. डीएसएनयू१५१०आय मेसेजात लॉग अप्लायला (लॉगमधले बदल पुन्हा लावायला) किती वेळ गेला ते छापलेलं असतं. पॅरलल फक्त रिस्टोअरपुरतं, म्हणजे कॉपी परत आणण्यापुरतं. लॉग अख्ख्या यादीसाठी एकदाच वाचला जातो. वेळ लॉगमध्ये जात असेल तर पॅरलल ८० केलंस तरी तेच. आणि सगळ्या कॉप्या एकाच टेपवर रचल्या असतील तर रिस्टोअरलाही फायदा नाही, एका टेपवरून एका वेळी एकच वाचणार.

यादी तोडून वेगवेगळे जॉब मात्र टाकू नकोस. एकाच आर्काइव्ह टेपसाठी ते एकमेकांची वाट बघत बसतात.

खरा इलाज लॉगचा. डीएसएन६एआरव्हीपी (आर्काइव्ह लॉगची सेटिंग्ज) मध्ये युनिट (पहिली प्रत) डिस्क कर, युनिट२ (दुसरी प्रत) टेप राहू दे. ॲक्टिव्ह लॉग (डिस्कवरचे चालू लॉग) एवढे मोठे कर की शेवटच्या कॉपीनंतरचा लॉग त्यातच सापडेल. ११ पर्यंत एका डेटासेटला ४ जीबीची मर्यादा होती. १२ मध्ये फंक्शन लेव्हल ५०० (नव्या सुविधांची पातळी) चालू केली की ७६८ जीबी.

राजारामपुरी_झेड
वरचं बरोबर. जास्त उलाढालीच्या पाच-सहा टेबलस्पेसची कॉपी रोज पूर्ण घ्या, शक्यतो फ्लॅशकॉपीनं (स्टोरेज बॉक्स स्वतःच डिस्कवर घेतो ती कॉपी). रिस्टोअर डिस्कच्या पातळीवर होतं, टेप चढवायची भानगड नाही. पण ती कॉपी मूळ डेटाच्याच स्टोरेज बॉक्समध्ये असते. बॉक्स गेला की दोन्ही गेले. म्हणून त्याच जॉबात एफसीकॉपीडीडीएनबरोबर (फ्लॅशकॉपीचा पर्याय) कॉपीडीडीएनही द्या, नेहमीची सिक्वेन्शियल कॉपीही तयार होते.

शाहूपुरी_डीबीए
लॉग अप्लायलाच साडेतीन तास! आणि इंडेक्स?

रंकाळा_३९०
मग टेपच गुन्हेगार. इंडेक्सचे डेटासेट शाबूत असतील तर करंटपर्यंतच्या रिकव्हरीत त्यांना हात लावायची गरज नाही. मागच्या वेळेपर्यंत रिकव्हर केलंस तर ते रिबिल्ड पेंडिंगमध्ये जातात, म्हणजे पुन्हा बांधल्याशिवाय वापरता येत नाहीत. मोठ्या इंडेक्सना कॉपी येस (कॉपी घेता येण्याची सोय) लावून त्यांचीही इमेज कॉपी घे आणि टेबलस्पेसबरोबर एकाच यादीत घाल. छोटे रिबिल्ड केलेले परवडतात. संबंधित टेबलं यादीतून सुटली तर चेक पेंडिंग (टेबलांचे परस्परसंबंध तपासेपर्यंत अडकणं) वेगळंच गळ्यात पडतं.

राजारामपुरी_झेड
घरून काम करणाऱ्यांसाठी एक. पंचगंगा पात्राबाहेर आली की लाइट आणि नेट दोन्ही बेभरवशाचे. व्हीपीएन तुटला तरी सबमिट झालेला जॉब तिकडे चालूच असतो. परत आल्यावर आधी डिस्प्ले युटिलिटी (जॉब कुठवर आलाय ते दाखवणारी कमांड) करून बघा. घाबरून टर्म युटिलिटी (जॉब मध्येच संपवणारी कमांड) दिलीत तर टेबलस्पेस रिकव्हर पेंडिंगमध्ये (रिकव्हर होईपर्यंत बंद) अडकतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.