गोठ्यावरची टाळेबंदी

'टाळेबंदीत गोठ्यावर तरी निवांतपणा असेल ना?' असं मला कुणीतरी विचारलं. नाही हो. २०२० मध्ये सगळं थांबलं, धारा थांबल्या नाहीत. दूध कासेत तुंबलं की कासदाहाची (कास सुजण्याच्या आजाराची) भीती, म्हणून दोन वेळा धार काढावीच लागते. हॉटेलं बंद, दुधाला उठाव नाही, आणि ४ अंशांवर थंड केलेलं दूधही किती दिवस ठेवणार?

मला जास्त धास्ती रेतनाची, म्हणजे गाय गाभण राहावी म्हणून डॉक्टरांकडून वीर्य भरून घेण्याची होती. गाय साधारण २१ दिवसांनी माजावर येते, म्हणजे गाभण राहण्याजोगी होते, माज टिकतो जेमतेम १८ तास. तेवढ्यात डॉक्टरांना पोचता आलं नाही की पुन्हा तीन आठवडे थांबा. वेत, म्हणजे गाईचं विणं, लांबतं, खाणं मात्र रोज घालावंच लागतं. आमच्या दोन गाई अशाच राहिल्या. त्याची हळहळ अजून आहे.