मदत हवी आहे: आजोबांच्या पलटणीतल्या मित्राचं पूर्ण नाव शोधायचं आहे (इटली, १९४४)

आमचे आजोबा महाड तालुक्यातले. १९४२ साली अठराव्या वर्षी मराठा पलटणीत भरती झाले, १९४६ला घरी आले, १९९६ला गेले. लढाईबद्दल फारसं बोलायचे नाहीत. इटलीत होते, तिथली टायबर नदी आपल्या सावित्रीएवढीच आहे आणि थंडीत खेचराच्या अंगाला टेकून झोपायचो, एवढं सांगायचे.

एक नाव मात्र दरवर्षी निघायचं. सर्वपित्री अमावास्येला आमच्याकडे एक पान जास्त वाढतात, ते धोंडूचं. धोंडू मंडणगडकडचा, आजोबांच्याच सेक्शनमधला. दारूगोळा घेऊन पुढच्या चौकीकडे जाताना त्याचा पाय सुरुंगावर पडला. ते सुरुंग लाकडी पेटीचे असायचे, त्यामुळे सुरुंग शोधायच्या यंत्राला लागायचे नाहीत. आजोबा त्याच्या मागे चार पावलांवर होते. शेवटपर्यंत शेताच्या बांधावरून जातानाही ते पुढच्याच्या पावलावर पाऊल ठेवून चालायचे. आम्हा पोरांना तो खेळ वाटायचा.

सुटून आल्यावर ते दासगावहून बोटीने बाणकोटला गेले होते, धोंडूच्या घरच्यांना भेटायला. बंदरावर दिवसभर बसले आणि कुणालाही गाव न विचारता परत आले. हे त्यांनी फक्त आजीला सांगितलं होतं.

आता पान बाबा वाढतात. ते बहात्तर वर्षांचे आहेत. यंदा म्हणाले, "नुसतं धोंडू म्हणून किती वर्षं वाढायचं? त्याच्या बापाचं नाव तरी कळू दे."

हाताशी आहे ते सांगते. डिस्चार्ज बुकात '३/५ एम. एल. आय.' लिहिलंय. कित्येक वर्षं मी ती तारीखच समजत होते! आता कळतंय, ती पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन. म्हणजे नाईक यशवंत घाडगे यांची पलटण. १० जुलै १९४४ला टायबरच्या खोऱ्यात एकट्याने मशीनगनवर धावून गेले आणि तिथेच पडले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस (ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक) मिळाला, ते घाडगे. आजोबा दुसऱ्या कंपनीत होते, पण त्यांचं नाव घेताना उठून उभे राहायचे.

अडचण अशी की ही बटालियन पुढे पॅराशूट रेजिमेंटकडे गेली, आज ती २ पॅरा आहे. मग १९४४च्या माणसाची चौकशी बेळगावला, मराठ्यांच्या केंद्रात करायची की बंगळूरला, पॅराशूटवाल्यांच्या? आणि इटलीत पडलेल्यांची यादी नुसत्या पहिल्या नावावरून शोधता येते का?

प्रतिसाद

ताई, पत्रं दोन्हीकडे टाका, पण आधी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या (महायुद्धांत पडलेल्यांच्या नोंदी ठेवणारी संस्था) संकेतस्थळावर शोधा. माझ्या चुलत पणजोबांचा पत्ता मला तिथेच लागला. नावाच्या रकान्यात काही भरू नका. देश इटली, सैन्य भारतीय, रेजिमेंट पाचवी मराठा आणि १९४४चे महिने टाका. इंग्रजी स्पेलिंगवर विसंबू नका, मराठा रेजिमेंटचे दुसरे व्हिक्टोरिया क्रॉसवाले नामदेव जाधव यांचंच आडनाव दोन-तीन तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं. बऱ्याच नोंदींत वडिलांचं नाव, गाव आणि जिल्हा असतो. मंडणगड तेव्हाही रत्नागिरीतच होतं, तुमचं महाड मात्र कुलाबा जिल्ह्यात (आजचा रायगड) दिसेल.

आपल्या बऱ्याच माणसांना तिथे अग्नी दिला, त्यामुळे नुसतं थडगं शोधू नका. सांग्रो, रिमिनी, फोर्ली इथे दहन झालेल्यांची स्मारकं आहेत, त्यांवर नावं आहेत. काहीच ठावठिकाणा नसलेल्यांची नावं कासिनोच्या स्मारकावर आहेत. घाडग्यांचंही तिथेच आहे.

महिना आठवतो का कुणाला? आजोबांची पलटण जिच्यात होती ती दहावी डिव्हिजन सप्टेंबरपर्यंत आरेझ्झोच्या बाजूच्या डोंगरात होती, ऑक्टोबरात पूर्वेला एड्रियाटिकच्या अंगाला गेली. महिना कळला तर यादी पुष्कळ आखडेल.

धागाकर्ती

खूप आभार. रात्रीच बाबांना विचारलं. आजोबा म्हणायचे, द्राक्षं काढून झाली होती, वेलींच्या रांगांतून जाताना चिखलात घोट्यापर्यंत पाय रुतत होते आणि पाऊस थांबत नव्हता. म्हणजे ऑक्टोबर किंवा त्यानंतरचं असावं. तेव्हा पूर्वेच्या अंगाच्या फोर्लीपासून सुरुवात करते, मग उरलेली स्मारकं.

इथे मंडणगड, बाणकोट, वेसवीकडचं कुणी असेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एवढं विचाराल का: धोंडू नावाचा कुणी पलटणीत गेला आणि इटलीहून परत आला नाही, असं कधी ऐकलंय? त्याच्या घरच्यांना सांगायचंय की आमच्याकडे त्याचं पान एकाही वर्षी चुकलेलं नाही.